भंडारदऱ्याच्या काठी आकाशदर्शनाचा मुक्काम

भंडारदऱ्याचे आकाश अजून अंधारे आहे, आणि आकाशदर्शनाच्या शिबिराचे खरे भांडवल तेवढेच असते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या मुख्य धारेला टेकून प्रवरा नदीचे हे खोरे पसरले आहे. उत्तरेला १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, नैर्ऋत्येला प्रवरेचे उगमस्थान असलेला रतनगड, दक्षिणेला हरिश्चंद्रगडाची रांग आणि मध्ये विल्सन धरणाने अडवलेला आर्थर लेक. धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. तलावाकाठची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. या तलावाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल अशी लहान गावे आहेत. पावसाळा सरला की त्यांच्या शिवारात तंबू उभे राहू लागतात.

या तंबूंमध्ये उतरणारे सगळे सहलीला आलेले नसतात. पक्षीनिरीक्षक येतात, छायाचित्रकार येतात, गडावर जाणारे भटके येतात. पण मुक्कामाच्या जागेबद्दल सर्वांत चोखंदळ असतात ते दुर्बिणी घेऊन येणारे हौशी खगोलप्रेमी. महाराष्ट्रात या छंदाची परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची. मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणीला रात्रभराची आकाशदर्शने घेऊन अनेक पिढ्यांना आकाश वाचायला शिकवले. मात्र वांगणीसारख्या जवळच्या जागांवर आता बदलापूर-कर्जत पट्ट्यातल्या वाढत्या वस्तीचा उजेड येतो. त्यामुळे अंधाराच्या शोधात घाट चढून वर यावे लागते. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, पण तो विदर्भात आहे. मुंबई, ठाणे, नाशिक आणि पुण्याच्या माणसाला शनिवार-रविवारात गाठता येईल असे चांगले आकाश भंडारदऱ्याच्या परिसरात मिळते.

शिबिराची तारीख ठरवताना आधी तिथी पाहावी, सुट्टी नंतर. चंद्र आकाशात असला की आकाशगंगा, तेजोमेघ, दीर्घिका हे सगळे धूसर प्रकार पुसले जातात. दिसतात ते ठळक तारे, ग्रह आणि स्वतः चंद्र. म्हणून अमावास्येच्या आसपासचा शनिवार धरावा. नेमकी अमावास्याच हवी असे नाही. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. वद्य द्वादशीला तो पहाटे तीन-चारच्या सुमारास उगवतो, म्हणजे जवळजवळ सबंध रात्र हाती लागते. शुद्ध तृतीयेची कोर सूर्यास्तानंतर दोन-अडीच तासांत मावळते, तेव्हा जेवण उरकेपर्यंत आकाश मोकळे झालेले असते. वद्य अष्टमीलाही मध्यरात्रीपर्यंतचा वेळ मिळतो आणि लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांना तेवढा पुरतो. पौर्णिमेच्या आसपास मात्र आकाशदर्शनाच्या नावाने कोणालाही बोलावू नये. पहिल्यांदा आलेल्या माणसाला चांदण्यात फिकट पडलेले आकाश दाखवले तर तो पुन्हा येत नाही.

हंगामाचे गणित त्याहून सोपे आहे. जून ते सप्टेंबर इथे धो धो पाऊस असतो. ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला प्रसिद्ध उल्कावर्षाव महाराष्ट्राला बहुतेक वर्षी ढगांआडच हुकतो. ऑक्टोबर अखेरीस हवा धुऊन निघालेली असते आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने सर्वोत्तम. १३-१४ डिसेंबरची रात्र अमावास्येजवळ आली तर ती चुकवू नये. मिथुन राशीतून होणारा हा उल्कावर्षाव वर्षातला सर्वांत भरवशाचा आहे. रात्री आठनंतर मिथुन रास पूर्वेला वर येते आणि दोनच्या सुमारास डोक्यावर पोचते. मार्चमधील अमावास्येला कसलेले निरीक्षक मेसिए मॅरेथॉन करतात. चार्ल्स मेसिए या अठराव्या शतकातील फ्रेंच धूमकेतूशोधकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यादीतील ११० धूसर वस्तू एकाच रात्रीत शोधण्याचा हा उपक्रम फक्त याच सुमारास जमतो. मार्च-एप्रिलमध्ये धूळ आणि वणव्यांचा धूर क्षितिजाजवळ साचतो, तरी एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर वृश्चिक आणि धनू वर आल्यावर आकाशगंगेचा मध्यभाग पाहायला मिळतो, तेव्हा ती धूळही सोसावी.

मे अखेर ते जूनचा मध्य हा काळ तारकांचा नाही, काजव्यांचा. पहिल्या वळवानंतर हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजव्यांचे थवे लुकलुकतात आणि ते पाहायला मोठी गर्दी लोटते. काजव्यांचे चमकणे म्हणजे नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण. गाडीचा दिवा किंवा मोबाइलची बॅटरी त्यांच्यावर पडली की ती खूण हरवते आणि मीलन थांबते. अंधाराची जी शिस्त खगोलप्रेमी पाळतात तीच इथे पाळावी लागते. वनविभाग त्या दिवसांत वाहनांच्या वेळांबद्दल नियम लावतो. ते आधी विचारून घ्यावेत.

दिशांचा विचार जागा निवडताना करावा लागतो. भंडारदऱ्याच्या जवळजवळ थेट उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर नाशिक आहे, त्याअलीकडे घोटी-इगतपुरीचे महामार्गावरचे दिवे आहेत. त्यामुळे उत्तर क्षितिजावर उजेडाचा एक घुमट दिसतो. नैर्ऋत्येला, घाटाखाली, कल्याण-ठाणे-मुंबईचा पट्टा आहे. तो दूर असला तरी त्याची पिवळट झाक ढगाळ रात्री जाणवते. दक्षिण आणि आग्नेय दिशा मात्र चांगल्या काळोख्या असतात, आणि नेमके दक्षिणेचे आकाश हेच इथले वैभव आहे. म्हणून दक्षिणेला डोंगर अगदी अंगावर येणार नाही अशी जागा शोधावी. रतनवाडीत कड्यांच्या कुशीत तंबू छान दिसतात, पण दक्षिणेचे आकाश कड्यांनी खाल्लेले असते. तलावाच्या उत्तर काठावरील गावांतून पाण्यापलीकडचे दक्षिण क्षितिज बरेच खुले मिळते.

काठ म्हणजे अगदी पाण्याची कड नव्हे. जाहिरातीतील छायाचित्रांत तंबू पाण्याला लागून असतात आणि सहलीला आलेल्यांना ते आवडते. दुर्बिणीला ते अजिबात मानवत नाही. हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर तलावावर धुके धरते आणि दव इतके पडते की भिंगांवरून पाणी ओघळते. पाण्यापासून दीड-दोनशे पावले दूर, थोडी चढावरची, वाऱ्याला किंचित उघडी जागा घ्यावी. कातळाचा सडा सर्वांत उत्तम, कारण तिपाई हलत नाही आणि धूळ उडत नाही. नोव्हेंबरनंतर भाताची कापणी झालेली खाचरेही चालतात; मात्र मालकाची परवानगी घेतल्याशिवाय त्यांत पाऊल टाकू नये आणि बांधावरून गाडी तर कधीच नेऊ नये. बांध फुटला की पुढच्या पावसाळ्यात त्या घराचे पाणी आणि माती दोन्ही वाहून जातात.

आसपासचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. वनहद्दीत मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, चूल पेटवता येत नाही. गावठाणात किंवा खासगी शेतात स्थानिक तरुणांनी चालवलेली तंबूंची व्यवस्था घेणे हाच सरळ मार्ग आहे आणि पैसाही गावात राहतो. विसार देण्यापूर्वी काही गोष्टी मात्र स्पष्ट विचाराव्यात. रात्री आठनंतर आवारातले सगळे दिवे बंद करता येतील का? त्याच रात्री दुसरा गट उतरणार आहे का, आणि तो मोठ्याने गाणी लावणार आहे का? शेकोटी कुठे पेटते? शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवरचा दिवा झाकता येईल का? ‘हो, बघू की’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. २५-३० माणसांचे शिबिर असेल तर संपूर्ण आवार एका रात्रीसाठी घेणे परवडते आणि निम्मे प्रश्न सुटतात. ३१ डिसेंबर आणि लांब जोडून आलेल्या सुट्ट्या सोडून द्याव्यात. त्या रात्री तलावाकाठी शांतताही नसते आणि अंधारही नसतो.

मुंबईहून येताना कसारा घाट, इगतपुरी आणि घोटी असा महामार्ग. घोटीहून राजूरच्या रस्त्याला लागून बारी गाव ओलांडले की शेंडी येते. शेंडी हे धरणालगतचे मुख्य गाव. रेल्वेने इगतपुरीला उतरून एसटी किंवा जीपने पुढे येता येते. पुण्याहून नाशिक रस्त्याने आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असे यावे. पेट्रोल, रोख पैसे आणि औषधे घोटी किंवा राजूरलाच घ्यावीत. तलावापलीकडच्या गावांत मोबाइलला धड रेंज मिळत नाही. ताऱ्यांचे नकाशे आणि स्टेलॅरियमसारखे ॲप घरूनच उतरवून ठेवावे. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे दुपारी चारपर्यंत पोचावे. अंधार पडल्यावर आलेली एक गाडी आपल्या हेडलाइटने सबंध शिबिराचा अर्धा तास वाया घालवते.

हा अर्धा तास अतिशयोक्तीचा नाही. उजेडातून अंधारात आल्यावर बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण पडद्यावरील दंडपेशींमध्ये मंद प्रकाश टिपणारे द्रव्य पुन्हा साठायला २० ते ३० मिनिटे लागतात. पांढऱ्या प्रकाशाच्या एका झोताने ते द्रव्य खर्ची पडते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. लाल प्रकाशाचा या पेशींवर सर्वांत कमी परिणाम होतो. म्हणून शिबिरात फक्त मंद लाल बॅटरी वापरतात. साध्या बॅटरीच्या तोंडावर लाल जिलेटीन कागदाच्या दोन-तीन घड्या रबराने बांधल्या तरी काम होते. मोबाइलचा पडदा ही सर्वांत मोठी अडचण. रात्रीची लाल छटा देणारी सोय चालू करून उजेड तळाला न्यावा, नाहीतर तो खिशातच राहू द्यावा. गाडीत रात्री काही काढायचे असेल तर आतला दिवा आधीच बंद करून ठेवावा, आणि पहाटे लवकर निघणाऱ्याने गाडी मुळातच बाहेरच्या अंगाला, तोंड रस्त्याकडे करून लावावी.

सामानात दुर्बिणीपेक्षा कपड्यांकडे जास्त लक्ष द्यावे. थंडीच्या लाटेत इथला पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. चालणाऱ्याला ती थंडी सोसते, पण निरीक्षक तासन् तास एका जागी बसलेला असतो. कानटोपी, लोकरी मोजे, एकावर एक घालता येतील असे कपडे आणि बसायला जाड चटई हवी. घोंगडी अंगावर घ्यायलाही उपयोगी पडते आणि खाली अंथरून पाठीवर आडवे होऊन उल्का पाहायलाही. गरम पाण्याचा थर्मास, गूळ-शेंगदाणे, लाडू असे काही जवळ असावे. भूक लागली की थंडी दुप्पट वाजते.

नवशिक्याने दुर्बीण विकत घेऊन येण्याची घाई करू नये. पहिली दोन-तीन शिबिरे नुसते डोळे आणि १० बाय ५० ची द्विनेत्री यांवर काढावीत. द्विनेत्रीतून कृत्तिका पाहिल्यावर सहा-सात तारकांच्या जागी डझनावारी निळसर ठिणग्या दिसतात आणि ते दृश्य मोठ्या दुर्बिणीतूनही इतके सुंदर दिसत नाही, कारण तिच्या अरुंद नजरेत सगळी कृत्तिका मावतच नाही. स्वतःची दुर्बीण आणणाऱ्याने ती सूर्यास्तालाच उघड्यावर मांडावी. मोठ्या आरशाला बाहेरच्या हवेइतके थंड व्हायला पाऊण-एक तास लागतो आणि तोवर प्रतिमा पाण्यातल्यासारखी थरथरते. आरशांची जुळणीही उजेड आहे तोवर तपासावी. विषुववृत्तीय बैठक लावणाऱ्याने तिचा कोन १९.५ अंशांवर ठेवावा. भंडारदऱ्याचा अक्षांश तेवढाच आहे आणि ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर दिसतो. ठासून बांधलेले दवरोधक नळकांडे हवेच. तरीही दव धरलेच तर भिंग पुसू नये. बारा व्होल्टचा छोटा ड्रायर दुरून फिरवावा किंवा आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचे भिंग, काही वेळ खिशात ठेवून उबवावे.

छायाचित्रण करणारे आणि डोळ्यांनी पाहणारे यांच्या गरजा वेगळ्या असतात. कॅमेऱ्याचा पडदा, लॅपटॉप, फोटोच्या चौकटीत मुद्दाम उजळलेला तंबू, हे सगळे निरीक्षकाला त्रासाचे. उलट निरीक्षकाचा तारे दाखवायचा लेसर छायाचित्रकाराच्या चौकटीतून हिरवी रेघ ओढून जातो. दोघांना मैदानाची दोन टोके द्यावीत. साध्या तिपाईवर तारे रेषा न होता टिपायचे असतील तर ५०० ला भिंगाच्या केंद्रांतराने भागून येतील तेवढे सेकंद कॅमेऱ्याचे शटर उघडे ठेवतात. २० मिलिमीटरच्या भिंगाला २५ सेकंद. हा अंदाज पहिल्या प्रयत्नाला पुरेसा आहे.

शिबिराची संध्याकाळ तलावावरचा उजेड ओसरण्याआधी सुरू होते. सगळ्यांनी एकदा मैदान पायाखाली घालावे. दोऱ्या, खुंट्या, बांध, दगड कुठे आहेत ते उजेडात पाहून घ्यावे. जाणत्याने दिशा दाखवाव्यात, दिव्यांचे नियम सांगावेत आणि जेवण लवकर उरकावे. इथल्या घरांतून नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा आणि वाफाळता भात मिळतो. काळभातासारखे गावठी वाण कोणाकडे शिजत असेल तर ते आवर्जून मागावे. शेकोटी हवी असेल तर ती याच वेळी, घराच्या आडोशाला पेटवून आठच्या आत विझवावी. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सव्वा तासाने, तो क्षितिजाखाली १८ अंश उतरल्यावर, पूर्ण काळोख होतो.

रात्रीची पहिली पाऊण घटका दुर्बिणीला हात न लावता घालवावी. नोव्हेंबरात नवाच्या सुमारास देवयानी डोक्याजवळ असते. त्यातली दीर्घिका नुसत्या डोळ्यांना धूसर ठिपक्यासारखी दिसली तर आकाश चांगले आहे असे समजावे. त्या ठिपक्यातून निघालेला प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीचा असतो. नंतर पूर्वेला कृत्तिका, रोहिणी आणि मृग वर येतात. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाला गावातली जुनी माणसे तिकांडे म्हणतात. या भागात मृग म्हणजे आधी पेरणीचा मुहूर्त, सूर्य त्या नक्षत्रात जातो तो ७-८ जूनचा काळ. तेव्हा मृग दिवसा सूर्यासोबत असतो आणि दिसत नाही. हिवाळ्यात मध्यरात्री तोच डोक्यावर येतो. एखाद्या आजोबांना शिबिराला बोलावून त्यांच्याकडून नक्षत्रांची नावे ऐकावीत. पुस्तकात न सापडणाऱ्या खुणा तिथे मिळतात.

बाणाच्या खाली जो पुसट तारा दिसतो तो तारा नाही, तेजोमेघ आहे. आठ इंची दुर्बिणीत तिथे राखाडी-हिरवट धुक्याचा पंखा उघडलेला दिसतो आणि त्याच्या मुठीपाशी चार बारीक तारे जवळजवळ, चौकोनात बसवल्यासारखे. पहिल्या दृष्टिक्षेपात फक्त ते चार तारे दिसतात. नजर थोडी बाजूला, दृश्याच्या कडेकडे ठेवली की धुके पसरू लागते. त्याचे दोन बाहू बाहेर वळतात, मध्ये एक काळी खाच उमटते. डोळ्याच्या मध्यभागापेक्षा कडेच्या पेशी मंद प्रकाशाला अधिक संवेदनशील असतात, म्हणून हे घडते. या तिरक्या नजरेची सवय झाली की आकाशातील निम्मी रहस्ये खुली होतात. म्हणून एका वस्तूला निदान दोन-तीन मिनिटे द्यावीत. रांगेत मागे उभे असलेल्यांनीही तेवढा धीर धरावा.

जानेवारी-फेब्रुवारीच्या रात्री दक्षिणेला, व्याधाच्या बऱ्याच खाली, एक शुभ्र ठळक तारा एकटा चमकताना दिसतो. तो अगस्ती. व्याधाखालोखाल आकाशातला दुसरा तेजस्वी तारा. युरोपच्या बहुतांश भागातून तो दिसतच नाही, आणि इथून क्षितिजावर जेमतेम १८ अंश चढतो. याच प्रवरेच्या काठी, खाली अकोल्याला, अगस्ती ऋषींचा आश्रम आहे आणि तालुकाभर त्यांचे नाव घेतले जाते. त्या आश्रमापासून घाटाकडे चढत आल्यावर त्याच नावाचा तारा पाण्यापलीकडे उगवलेला पाहणे यासाठीच एक मुक्काम राखून ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिणेचा तळ आणखी उघडतो. नरतुरंगातील लाखो ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ द्विनेत्रीत कापसाच्या बोंडासारखा दिसतो, आणि त्रिशंकू क्षितिजापासून जेमतेम दहा अंशांवर काही काळ उभा राहतो. डोंगर आड आला तर तो हुकतो. दक्षिण क्षितिजाचा आग्रह त्यासाठीच.

दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहण्याचीही रीत आहे. विचारल्याशिवाय डोळा लावू नये. आयपीस हाताने धरू नये, हात मागे बांधून हलकेच वाकावे. धक्का लागला की वस्तू नजरेतून निसटते आणि मालकाला ती पुन्हा शोधावी लागते. भिंगाला बोट लावू नये. लहान मुलांसाठी स्थिर स्टूल ठेवावे, त्यांना उचलून धरू नये. ‘किती लांबचे दिसते?’ हा नवख्याचा ठरलेला प्रश्न असतो. त्याला अंतर सांगण्यापेक्षा शनीची कडी किंवा गुरूचे चार चंद्र दाखवावेत. हिरवा लेसर फक्त एका ठरवलेल्या माणसाच्या हाती असावा. तो विमानाकडे किंवा कोणाच्या चेहऱ्याकडे कधीही वळवू नये. आवाजाचेही तसेच. मोकळ्या खोऱ्यात, विशेषतः पाण्यावरून, बोलणे फार लांब ऐकू जाते आणि गावातली माणसे पहाटे उठून गुरांमागे जाणारी असतात.

रात्री मैदानाबाहेर जायचे असेल तर दोघांनी मिळून जावे आणि तेव्हा पांढरी बॅटरी खाली जमिनीकडे धरून वापरावी. तिथे लाल उजेडाचा हट्ट धरू नये. अकोले तालुक्यात बिबट्याचा वावर आहे. तंबूबाहेर उरलेले अन्न टाकले की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. दगडांच्या कपारीत फुरसे आणि घोणस असतात, म्हणून बूट घालूनच वावरावे आणि सकाळी ते झटकून पाय घालावेत. साप चावला तर चिरणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काहीही करू नये. चावलेला भाग न हलवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा स्वतःची गाडी घेऊन थेट रुग्णालय गाठावे. रेंज नसलेल्या गावात हे कसे करायचे याची चौकशी संध्याकाळीच तंबूवाल्याकडे करून ठेवावी.

या खोऱ्यात प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. शिबिरे वारंवार येऊ लागली की गावालाही त्यांचा उपयोग व्हायला हवा. एक दुर्बीण संध्याकाळचा पहिला तास गावातील मुलांसाठी मोकळी ठेवावी. गावातील पोरे ताऱ्यांखालीच वाढतात, तरी चंद्रावरचे खड्डे पाहिलेले मूल क्वचित सापडते. अंधाराबद्दलही याच ओघात बोलता येते. रस्त्याला दिवा हवा, ही गावाची मागणी रास्त आहे. तो खाली तोंड केलेला, वरून झाकलेला असेल तर वाट उजळते आणि आकाशही वाचते. पेंचभोवतीच्या गावांत अशाच प्रकारचे दिवे बसवले गेले आहेत. तंबूवाल्याने झगमगत्या माळा काढून टाकल्या तर खगोलप्रेमी पुन्हा पुन्हा त्याच्याचकडे येतात, हे त्याला पैशाच्या हिशेबात समजावून सांगावे.

पहाटे चारनंतर दव कमालीचे वाढते. उपकरणे झाकून ठेवावीत, पण ओली असताना पेटीत बंद करू नयेत. भिंगांवर बुरशी धरते. सूर्य वर आल्यावर त्यांना अर्धा तास सावलीत वाळू द्यावे. रात्रभर जागलेल्या माणसाने लगेच कसारा किंवा अन्य कुठलाही घाट उतरायला गाडी चालवू नये. निदान तीन-चार तास झोप घ्यावी. झोप झाल्यावर उत्साह उरला असेल तर रतनवाडीचे अमृतेश्वराचे दगडी मंदिर आणि त्याची पुष्करणी पाहून यावे. बारीहून कळसूबाई चढणे मात्र वेगळ्या दिवसासाठी ठेवावे. जागरणानंतर शिड्या चढणे धोक्याचे आहे.

निघण्यापूर्वी मैदान पुन्हा एकदा पायाखाली घालावे. रात्री हातातून पडलेले स्क्रू, भिंगांची झाकणे, बॅटरीचे सेल, जिलेटीनचे तुकडे गवतात सापडतात. सेल आणि प्लॅस्टिक घरी परत न्यावे, कारण गावात त्यांची विल्हेवाट लावण्याची सोय नाही. शेकोटीची राख थंड झाली आहे ना हे हात लावून पाहावे. शेतमालकाला आणि स्वयंपाक करणाऱ्या घराला ठरलेले पैसे जागेवरच चुकते करावेत. आणि पुढच्या अमावास्येचा शनिवार कोणता येतो, हे तिथेच सांगून जागा धरून ठेवावी.